रंगूबाईच्या चालीवर रहिवासी दाखला

टेमघरच्या नागरी सेवा केंद्राची वेबसाइट सगळ्या माणसांना वापरता आली पाहिजे, असं वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. तुळशीरामनं ते उभ्याउभ्या मोठ्यानं वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि जाहीर केलं, की हे काम आपल्या डाव्या हाताचं आहे. सगळी माणसं म्हणजे कोण, तेही पत्रात दिलं होतं. ज्यांना दिसत नाही, ज्यांना वाचता येत नाही, ज्यांचे हात थरथरतात, आणि ज्यांना यातलं काहीही झालेलं नाही पण संगणक बघितला की घाम फुटतो.

"चारी जातीची माणसं माझ्या एकट्याच्या घरात हायत," तो म्हणाला. "परीक्षा घ्यायला दुसरा कोन कशाला पाहिजे?"

पण दुसरं कोणीतरी येणारच होतं. सोमवारी ठाण्याहून उन्नती मॅडम येणार होत्या. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं आणि अशा वेबसाइटी तपासण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, असं पत्रात लिहिलं होतं. पत्राची शेवटची ओळ तुळशीरामनं मोठ्यानं वाचली नाही. ती त्यानं मनात दोनदा वाचली. वेबसाइट परीक्षेत उतरली नाही, तर केंद्र बंद होणार. संगणक, प्रिंटर आणि तिथं काम करणारी विनिता, तिन्ही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला हलवणार.

हे केंद्र टेमघरात यावं म्हणून तुळशीरामनं नऊ महिने चपला झिजवल्या होत्या. त्याला कारण होतं. चोपन्न वर्षांचा होईपर्यंत त्याला अक्षर येत नव्हतं. कोणत्याही कचेरीत गेला, की कोरा अर्ज दोन्ही हातांत धरून तो दाराशी उभा राहायचा आणि ज्याच्या खिशाला पेन दिसेल त्याला विनवायचा. एकदा एका घाईतल्या माणसानं चुकीच्या चौकोनात खूण करून त्याला मयत करून टाकलं. ती चूक दुरुस्त करायला सात महिने लागले. तेवढे दिवस आक्का, म्हणजे त्याची बायको, रोज जेवायला वाढताना त्याच्याकडे असं बघायची, की जणू मेलेल्या माणसाला भात किती लागतो याचा अंदाज घेते आहे. पुढं तो कामाला होता त्या नारपोलीतल्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेडमध्ये साक्षरतेचा वर्ग निघाला. शिफ्ट सुटली की तुळशीराम तिथं बसायचा. अक्षर आलं आणि मग त्याला आवरणं मुश्कील झालं. तो साबणाचे कागद वाचायचा, टेंपोची पाठ वाचायचा, लग्नपत्रिका वाचताना छापखान्याचं नावही सोडायचा नाही. पण आपल्यामागं राहिलेल्यांना तो विसरला नव्हता. केंद्राच्या नागरिक समितीचा तो अध्यक्ष होता, आणि केंद्र हलणं म्हणजे टेमघरच्या सगळ्या म्हाताऱ्यांनी पुन्हा कोणाच्या तरी दाराशी पेनवाला माणूस शोधत उभं राहणं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

वेबसाइट बनवली होती त्याचा पुतण्या दीपेश यानं. सत्तावीस वर्षांचा, हुशार, बोलायला कमी. दिसत नसलेल्या माणसाला पडद्यावरचं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं, ते त्यानं मिळवलं. ते इंग्रजी फाडफाड वाचायचं. पण सन दोन हजार आठचा वैशाख होता आणि मराठी त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. मराठी अक्षर समोर आलं, की ते 'क्वेश्चन मार्क, क्वेश्चन मार्क' म्हणत सुटायचं. पाच मिनिटं ऐकल्यावर तुळशीराम म्हणाला, की बिचाऱ्याला फार शंका आहेत, पण आपल्याकडे वेळ नाही.

मग दीपेशनंच उपाय काढला. आपणच माणसाच्या आवाजात अर्ज भरून ठेवायचा. पान उघडलं की आवाज सुरू होणार, काय लिहायचं, कुठले कागद जोडायचे ते सांगणार. ज्याला लिहिता येत नाही त्यानं माइकमध्ये बोलायचं, विनिता ते नंतर टाइप करणार. सुरुवात रहिवासी दाखल्यापासून, कारण तोच सगळ्यांना लागतो.

आता आवाज कोणाचा? पहिला मान विनिताला दिला. ती बारावी झालेली, शुद्ध बोलणारी, पण आवाज इतका हळू की अर्ज मागते आहे की औषधाच्या दुकानात काही लाजिरवाणं मागते आहे ते कळेना. मग तुळशीराम स्वतः बसला. चष्मा पुसला, घसा साफ केला आणि वाचायला लागला. तो वाचायचा बोट ठेवून. 'अर्जदाराचे संपूर्ण नाव' यातल्या 'संपूर्ण'पाशी पोहोचेपर्यंत दीपेशनं चहा मागवला, पिऊन कप विसळून ठेवला. विनिता खाली मान घालून हसत होती. तुळशीरामनं चष्मा काढला आणि म्हणाला, "रंगूबाईला बोलवा."

रंगूबाई ही धवलारीण. लग्नात धवले गाणारी. आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आला तर चालेल, पण धवलारीण नसेल तर नवरीला हळद लागत नाही. पाच गावांत रंगूबाईसारखा गळा नव्हता. नारपोलीत एका लग्नात शेजारच्या शेडमध्ये शेकडो लूम खडखडत होते, तरी तिचा धवला रस्त्याच्या पलीकडे ऐकू गेला आणि मुकादमानं आत येऊन लूमवाल्यांना दम भरला, की आवाज कमी करा, बाईला त्रास होतो. अक्षर तिला एक येत नव्हतं. पण दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा ते तिचं झालं.

ती आली, खुर्चीवर मांडी घालून बसली. विनितानं अर्ज दोनदा वाचून दाखवला. रंगूबाईनं डोळे मिटले, कानावर हात ठेवला आणि सुरू झाली. आधी देवांना बोलावणं. गावदेवी, वज्रेश्वरी, खाडीचा देव, शेताच्या बांधावरचा देव, मग ज्यांची नावं कोणाला माहीत नाहीत असे चार. चार मिनिटं दीपेश हात जोडून बसला, मग देव संपून धवला उचलला जायच्या आत त्यानं घाबरत घाबरत विचारलं, की मावशी, जरा साधं बोलून होईल का. रंगूबाई म्हणाली, साधं ती फक्त भांडताना बोलते. तसं हवं असेल तर तसं सांग.

दीपेशला तसं नको होतं. मग ती पुढं सुरू झाली.

'पयलं नाव लिवा गो, नाव लिवा आपुलं,
दुसरं नाव बापाचं, काळजामंदी जपलं.'

बापाच्या नावाशी तिनं सूर असा लांबवला, की विनिताच्या डोळ्यांत पाणी आलं. विनिताचा बाप बाळाराम नारपोलीत ठणठणीत होता, सकाळीच तिला डबा देऊन गेला होता. पुढं राशनकार्डाची झेरॉक्स डाव्या हाताला, लाइटबिलाचा कागद उजव्या हाताला, दोन फोटो नवरानवरीसारखे शेजारी शेजारी, असं करत एकोणीस मिनिटांनी अर्ज संपला.

दीपेश म्हणाला, की आता याचे छोटे छोटे तुकडे करू, म्हणजे ज्याला जेवढं हवं तेवढं ऐकता येईल. रंगूबाई उठून उभी राहिली. एकदा उचललेला धवला मधे तोडायचा नाही, हा तिचा नेम होता. चाळीस वर्षांत तिनं तो मोडला नव्हता. एकदा मांडवाला आग लागली होती, तरी ती शेवटचं कडवं म्हणूनच बाहेर आली. "तुकडं करशील तर माजा आवाज परत दे," ती म्हणाली. आवाज परत कसा देतात हे दीपेशला कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. त्यानं शपथ घेतली. धवला अखंड राहिला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढची करामत एकट्या तुळशीरामची.

रविवारी संध्याकाळी त्याच्या मनात आलं, की संगणकाचा स्पीकर तर मुठीएवढा. खुर्चीवर एक माणूस बसणार आणि त्यालाच ऐकू येणार. बाहेर रांगेत उभ्या असलेल्यांचं काय? ज्यांना कमी ऐकू येतं त्यांचं काय? पत्रात 'सगळ्यांना' असं लिहिलं होतं. तो मांडववाल्याकडे गेला, त्याचा मोठा भोंगा आणि त्याला लागणारं यंत्र घेऊन आला आणि दीपेशला न विचारता मांडववाल्याच्या माणसाकरवी भोंगा केंद्राच्या पत्र्यावर बसवून टाकला. तार खिडकीतून आत घेतली. भोंग्याचं तोंड गावाकडे केलं.

सोमवार उजाडला. तो नेमका लग्नाचा मुहूर्त होता. गावात दोन लग्नं होती, रंगूबाई मागच्या आळीत एका मांडवात बसली होती. मॅडम दहाला येणार होत्या. साडेनऊला तुळशीराम, दीपेश आणि विनिता केंद्रात हजर होते. मोठ्या दिवसाचे कपडे हवेत म्हणून दीपेशनं नवा पांढरा सदरा घातला होता. विनितानं पिवळी साडी नेसली होती. तुळशीरामच्या डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी. पावणेदहाला दीपेशनं एकदा तपासून बघू म्हणून रहिवासी दाखल्याचं पान उघडलं.

पत्र्यावरून रंगूबाईनं गावदेवीला हाक मारली.

ती हाक टेमघरच्या शेवटच्या घरापर्यंत गेली, तिथून रस्ता ओलांडून गेली, आणि पिंपळावरचे कावळे एकदम उठले. दीपेश खुर्चीवरून उडाला. त्यानं धवला अखंड ठेवायची शपथ इतक्या इमानानं पाळली होती, की पानावर थांबवण्याची सोयच ठेवली नव्हती.

टेमघरात एक रीत होती. धवला कानावर पडला, की लग्न कोणाचं हे विचारत बसायचं नाही. मूठभर तांदूळ घ्यायचे आणि आवाजाच्या दिशेनं निघायचं. पाचव्या मिनिटाला शेजारची म्हातारी सीताबाई दारात होती, पदरात तांदूळ. तिच्यामागं सहा बायका. त्यांनी आत बघितलं. नवा पांढरा सदरा घातलेला एक मुलगा, पिवळ्या साडीतली एक मुलगी, आणि कडक टोपीतला मुलाचा काका.

"अगो बाय," सीताबाई म्हणाली, "कचेरीतच?"

तुळशीराम समजावून सांगायला लागला, की हे लग्न नाही, हा रहिवासी दाखला आहे. पण भोंग्याखाली त्याचे ओठच तेवढे हलताना दिसत होते. सीताबाईला दिसलं, की म्हातारा भावनेनं गहिवरला आहे. तिनं त्याच्या टोपीवर तांदूळ टाकले.

तेवढ्यात आक्का आली. तिच्या हातात हळदीची वाटी होती आणि चेहरा असा, की तुळशीराम आपोआप प्रिंटरच्या मागं सरकला. सख्ख्या पुतण्याचं लग्न, आणि काकीला बातमी भोंग्यावरून कळते, हे तिनं भोंग्याच्या वरताण आवाजात सगळ्यांना सांगितलं. मग नवऱ्याकडे वळली.

"मला न्हाय सांगितलं तर न्हाय. निदान घरात हळद संपलीय हे तरी सांगायचं. शेजारून मागून आणलीय."

दीपेश टेबलाखाली वाकला. भोंग्याच्या यंत्राची तार जिथं भिंतीतल्या प्लगमध्ये जात होती तिथं त्याचा हात पोहोचलाच होता. आक्कानं तो मनगटाला धरला. धवला मधे तुटला तर दोघांच्या संसाराला काय काय होईल, ते तिनं मोजून दाखवलं. बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या आणि दोघी तर प्लगच्या समोर पाय पसरून बसल्या. तुळशीरामनं आशेनं घड्याळाकडे बघितलं. त्या वर्षी भारनियमनाची वीज रोज नऊ पंचावन्नला जायची. नऊ पंचावन्न झाले. वीज गेली नाही. मॅडम येणार म्हणून त्यानंच वीज कचेरीत जाऊन, हात जोडून, आजच्या दिवस तेवढी ठेवा म्हणून विनवलं होतं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं तरी ऐकलं होतं.

मागच्या आळीत रंगूबाई खऱ्या नवरीला हळद लावत होती. तिथल्या लोकांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग आभाळाकडे. तिचं तोंड बंद होतं आणि तिचा आवाज चालू होता. नवरीच्या आईनं सरळच विचारलं, की बाई, तुम्ही एका वेळी किती लग्नं घेतली आहेत. रंगूबाई तशीच हळदीच्या हातांनी उठली आणि केंद्राकडे धावली. तिच्यामागं अर्धा मांडव धावला. दारात येऊन ती थबकली आणि ऐकत राहिली. लोकांना वाटलं आता ती आकांत करणार. पण स्वतःचा आवाज एवढा मोठा तिनं कधी ऐकलाच नव्हता. ती खाली बसली आणि कानावर हात ठेवून स्वतःला साथ द्यायला लागली.

कोणीतरी नारपोलीला फोन केला होता. बाळाराम, विनिताचा बाप, स्कूटरवरून आला. तुळशीरामला वाटलं, हा आता मारणार. बाळाराम आत आला, दीपेशला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, त्याच्या संगणकाकडे बघितलं आणि तुळशीरामच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, की पोरगा बरा आहे, तीन वर्षं स्थळं शोधून मीही थकलो होतो, पण एवढी घाई काय होती, बँडवाला तरी सांगितला असता. विनिता टेबलामागून ओरडून काही सांगत होती. बाळारामनं तिला लांबूनच आशीर्वाद दिला.

या सगळ्यात दहा वाजले आणि उन्नती मॅडम रिक्षातून उतरल्या.

पांढरी काठी, खांद्याला पिशवी, चालणं ताठ. त्या कोण, हे सांगायची त्यांना कोणी संधीच दिली नाही. मुलाकडच्या कोणीतरी मोठ्या बाई दिसतात असं ठरवून दोघींनी त्यांना हाताला धरून गर्दीतून आत आणलं, खुर्चीवर बसवलं, कपाळाला हळदकुंकू लावलं, ओटीत नारळ घातला, मुठीत तांदूळ दिले. प्रिंटरमागून तुळशीरामनं हे बघितलं. नऊ महिन्यांच्या चपला त्याच्या डोळ्यांपुढून गेल्या. संगणक टेंपोत चढताना दिसला. पेनवाला माणूस शोधत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या दिसल्या, आणि त्या रांगेत शेवटी सीताबाई.

मॅडम मान एका बाजूला कलवून ऐकत राहिल्या. खोलीत चाळीस माणसं होती आणि चाळीसही जणांना लग्न दिसत होतं. त्यांना ते दिसत नव्हतं म्हणून त्या एकट्याच शब्द ऐकत होत्या. 'लाइटबिलाचा कागद गो, उजव्या हाताला जोडा' हे आलं, तशी त्यांच्या भुवया वर गेल्या. मग दोन फोटो आले. मग अर्जदाराची सही किंवा डाव्या अंगठ्याचा ठसा आला. मग धवला संपला आणि अशी शांतता झाली, की पत्र्यावर कावळे परत बसताना ऐकू आले.

बायकांनी तांदूळ टाकले. मॅडमनी मात्र टाकले नाहीत. त्या म्हणाल्या, "लग्नाचं मला माहीत नाही. पण हा रहिवासी दाखल्याचा अर्ज आहे ना?"

सगळ्यांनी तुळशीरामकडे बघितलं. तो प्रिंटरमागून बाहेर आला. टोपी काढली, टोपीतले तांदूळ खाली सांडले. त्यानं काही लपवलं नाही. भोंगा आपण बसवला हे सांगितलं, वेबसाइट चांगली आहे आणि पोराची काही चूक नाही हेही सांगितलं. शिक्षा करायची तर समितीच्या अध्यक्षाला करा, केंद्राला करू नका, असं म्हणता म्हणता त्याचा आवाज विनिताच्या आवाजाएवढा झाला.

लग्न नाही हे कळल्यावर खोलीत जी कुजबुज उठली ती लग्नाच्या कुजबुजीपेक्षा मोठी होती. आक्कानं हळदीच्या वाटीवर पदर घातला. बाळारामचा चेहरा पडला. मग विनिता उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा मागच्या भिंतीपर्यंत पोहोचेल असं बोलली.

"एवढ्या लोकांनी मिळून माझं लग्न लावलं, मला कोणी विचारलं का? वेबसाइट निदान पहिल्यांदा नाव तरी विचारते."

मॅडमना हसू आलं. मग त्या गंभीर झाल्या, पिशवीतून वही काढली. वहीत ठिपक्यांची अक्षरं होती. त्यावरून बोटं फिरवत त्या म्हणाल्या, की परीक्षा म्हणजे परीक्षा. समोर कोण आहे, असं विचारल्यावर सीताबाई म्हणाली, की मी आहे, पण मला अक्षर येत नाही. तेच हवं होतं, असं मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी विचारलं, की रहिवासी दाखल्याला कागद कोणते लागतात.

तुळशीरामनं डोळे मिटले. त्याला स्वतःलाही शाळा सोडल्याचा दाखला लागतो की नाही हे नक्की आठवत नव्हतं, आणि त्यानं तो अर्ज बोट ठेवून सात वेळा वाचला होता.

सीताबाई बोलली नाही. ती गायली. राशनकार्डाची झेरॉक्स डाव्या हाताला. दुसऱ्या ओळीला शेजारचीनं सूर धरला, लाइटबिल उजव्या हाताला. तिसऱ्या ओळीला सगळी खोली गात होती. दोन फोटो आले, अंगठा आला, शाळा सोडल्याचा दाखला 'असला तर जोडा गो, नसला तर सोडा गो' हेही आलं. मॅडमनी मधलंच काहीतरी विचारून बघितलं, तेही आलं, फक्त त्यासाठी त्यांना कडव्याच्या सुरुवातीपासून गावं लागलं. बाळारामही गात होता. त्याला दाखला नको होता, पण आलोच आहोत तर, असा त्याचा हिशेब.

मग मॅडमनी सीताबाईला संगणकासमोर बसवलं. तिनं माइकमध्ये नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गाव सांगितलं. कोणी तिच्या कानात कुजबुजलं नाही, कोणी तिच्या हाताला धरलं नाही. शेवटी विनितानं सांगितलं, की अर्ज पोहोचला. सीताबाई उठली नाही. तिनं विचारलं, की मीच केला ना? मीच केला तर कोणाला कळवायचं? तुळशीराम खिडकीकडे तोंड करून उभा राहिला आणि टोपीत तांदूळ आहेत का ते बराच वेळ बघत राहिला.

मॅडमनी वही मिटली. त्या म्हणाल्या, की तीन वर्षांत त्यांनी अनेक वेबसाइटी तपासल्या, पण अर्ज पाठ झालेलं गाव पहिल्यांदा बघितलं. केंद्र इथंच राहील, तसं त्या लिहून देतील. पण एक खोट आहे आणि ती काढलीच पाहिजे. आवाज थांबवता येत नाही. ऐकायची सोय जशी हवी, तशी न ऐकायचीही हवी. ज्याला अर्ज येतो त्यानं एकोणीस मिनिटं का बसावं? एक मोठं बटन हवं, कोणालाही सापडेल असं, दाबलं की आवाज बंद.

रंगूबाई नुसती मॅडमकडे बघत होती, आणि मॅडमना ते दिसत नव्हतं हे त्यांचं नशीब.

त्या दुपारी दोन्ही लग्नांची जेवणं उरकून उरलेली मंडळी केंद्राच्या अंगणात पुन्हा जेवली. मॅडमनी वाटाण्याची आमटी दोनदा मागितली. आठ दिवसांत दीपेशनं बटन बसवलं. लाल, गोल, बताशाएवढं, पडद्याच्या अगदी मधोमध. कळफलकावरूनही दाबता येईल असं. पंधरा दिवसांत पक्कं पत्र आलं, केंद्र टेमघरातच राहणार. तुळशीरामनं ते दारात उभं राहून शेवटच्या ओळीसकट मोठ्यानं वाचलं.

भोंगा तेवढा राहून गेला. बाहेर रांगेतल्यांना त्यावरून अर्ज पाठ होतो, म्हणून लोक तो काढू देईनात. मग तक्रारी सुरू झाल्या. शाळेतल्या बाई म्हणाल्या, की पोरांना पाढे विचारले तर लाइटबिल सांगतात. मांडववाला म्हणाला, की कोणीही दाखला मागितला की वऱ्हाड गोळा होतं. शेवटी आक्काच म्हणाली, की या महिन्यात तिनं चार किलो तांदूळ वाया घालवले, आता अध्यक्षांनी काहीतरी करावं.

अध्यक्षांनी करायचं ठरवलं. भोंगा खाली उतरवावा, अशी तक्रार द्यायला तो सकाळी दहाला केंद्रात गेला. विनिता म्हणाली, की काका, कागदावर चालत नाही, नियम तुम्हीच केलाय, वेबसाइटवरूनच करा. तुळशीराम खुर्चीवर बसला, चष्मा लावला, तक्रारीचं पान उघडलं. दीपेशनं तेही रंगूबाईच्याच गळ्यातून भरून घेतलं होतं. पत्र्यावरून गावदेवीला हाक गेली. तुळशीरामला अर्ज वाचता येत होता, पाठही होता, घरी आक्का थांबली होती. त्यानं लाल बटनाकडे हात नेला.

दारात रंगूबाई बसली होती. ती रोज दहाला यायची, मांडीवर वालाच्या शेंगा घेऊन, आणि सोलत सोलत स्वतःला ऐकायची. ती शेंग सोलायची थांबली.

तुळशीरामनं हात मागं घेतला. कान खाजवायलाच निघाला होता असं दाखवून तो कानापर्यंत नेला आणि तिथंच ठेवला. मग एकोणीस मिनिटं मान डोलावत त्यानं देवांची सगळी नावं ऐकून घेतली, आणि धवला संपल्यावर तक्रारीच्या रिकाम्या चौकोनात बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत लिहिलं: 'आवाज उत्तम आहे.'